बिनरबराचा दांडा

दादाला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलतो, पण इतकं वाईट बोलतो की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. त्या दिवशी तो माझ्या वर्कशॉपच्या दारात उभा राहून म्हणाला, "पाठ दुखते गं, म्हणून नवीन दांडा करून हवाय," आणि मी पाइप वाकवायच्या मशीनवरून मान वर केली तेव्हा तो माझ्याकडे न बघता भिंतीवर टांगलेल्या लोखंडी पट्ट्यांकडे बघत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी आपल्याच तोऱ्यात होते.

दांडा कसला ते आधी सांगते. माझा दादा गेली बावीस वर्षं उभ्याने चालवायची जेट स्की चालवतो. बसून चालवायची नव्हे, तिला तो 'सोफा' म्हणतो. उभ्याच्या स्कीला सीटच नसते. माणसाहून जेमतेम लांब अशी अरुंद होडी, मागे पाय ठेवायला चटई घातलेला खळगा, आणि पुढे नाकाशी बिजागरीवर बसवलेला एक हातभर दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला सायकलसारखं हँडल. सुरुवातीला दांडा आडवा पडलेला असतो. माणूस पाण्यातून पोटावर चढतो, मग गुडघ्यांवर येतो, वेग आला की उभा राहतो, आणि दांडा त्याच्याबरोबर वर येतो. गंमत अशी की या दांड्यावर टेकता येत नाही. टेकलात की तो खाली जातो आणि तुम्ही तोंडावर आपटता. हातांनी फक्त वळवायचं आणि वेग द्यायचा, तोल सगळा पायांनी सांभाळायचा.

आणि मी कोण, तर पाइप वाकवणारी. वर्कशॉप वडिलांचं, आता माझं. दवाखान्यांसाठी वॉकर, पलंगांचे कठडे, बागेतली बाकं, जिन्यांची रेलिंग. वडिलांची एक खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. गिऱ्हाईक जे मागेल ते आम्ही करत नाही. त्याच्या भल्याचं काय आहे ते आम्हाला जास्त कळतं अशी आमची समजूत असते, आणि आम्ही ते करून त्याच्या हातात ठेवतो. बहुतेक वेळा गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून ही खोड आजवर गेली नाही.

दादाने खिशातून कागद काढला. त्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात चार ओळी होत्या. लांबी जुन्या दांड्याइतकीच. पाइप ॲल्युमिनियमचा, पातळ. बिजागरीत रबर नको. हँडलखाली रबरी गादी नको, मुठींवर फोम नको.

मी कागद दोनदा वाचला. "पाठ दुखते ना तुझी?"

"हो."

"मग रबर काय म्हणून काढायचं? इंजिनाची सगळी थरथर हातातून खांद्यात जाईल आणि खांद्यातून पाठीत. दुनिया जास्त रबर मागते."

"मला नकोय."

"का पण?"

"तू करतेस की दुसरीकडे जाऊ?"

दुसरीकडे कुठे जाणार होता, कपाळ. असा एकच दांडा करून द्यायला कोण बसलंय? पण मी कागद ठेवून घेतला. जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "या मोसमात जमलं नाही, तर स्की देऊन टाकणार आहे मी." हे मात्र तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला, म्हणजे ते खरं होतं.

दादा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. आठवडाभर कोणाशी चार वाक्यं बोलेल तर शपथ. वहिनी म्हणते, शनिवारी घरात असतो तो नवरा वेगळा आणि रविवारी तळ्यावरून परत येतो तो वेगळा, आणि तिला रविवारचा आवडतो. ती स्की गेली असती तर आम्हा सगळ्यांना बारा महिने शनिवारचाच दादा मिळाला असता.

म्हणून मी जीव ओतून दांडा केला. आणि कागद बाजूला ठेवला.

हो, ठेवला. पाठ दुखणाऱ्या माणसाला बिनरबराचा दांडा द्यायला माझं मन धजेना. बिजागरीत मी वॉकरच्या पायांना लावते ते मऊ, जाड रबर बसवलं. हँडलखाली गादी दिली. मुठींना असा फोम लावला की हात ठेवल्यावर झोप यावी. पाइपही जाड घेतला, उगाच वाकायला नको. तीन दिवस मी त्या दांड्यात होते. वेल्डिंग इतकं सुबक झालं होतं की त्यावर बोट फिरवत बसावंसं वाटे.

रविवारी तळ्यावर मी स्वतः गेले, कौतुक करून घ्यायला. दादाने दांडा हातात घेतला, बिजागरी दाबून पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. तरी बसवला, जॅकेट घातलं, मनगटाला इंजिन बंद करायची दोरी बांधली आणि गेला.

गुडघ्यांवर होता तोवर ठीक होतं. उभा राहिला आणि पडला. पुन्हा चढला, उभा राहिला, पुन्हा पडला. बावीस वर्षं चालवणारा माणूस, शांत पाण्यात, एखाद्या नवशिक्यासारखा पडत होता. मी मोजत होते, अकरा वेळा. बाराव्यांदा तो उभाच राहिला नाही. गुडघ्यांवरच काठाला आला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे," तो म्हणाला, झाडाकडे बघत.

घरी आले तर जेवण जाईना. राग आला होता आणि लाजही वाटत होती, पण त्या दोन्हींपेक्षा डोक्यात किडा वळवळत होता. जुन्या दांड्यापेक्षा हा दांडा सगळ्या बाबतींत सरस होता. मग सरस दांड्यावर माणूस जास्त का पडतो? आणि ही पाठ कसली, जी अकरा वेळा पाण्यात आपटल्यावर एकदाही दुखली नाही? एकदाही त्याने हात मागे नेऊन कंबर दाबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडल्या उघडल्या मी जुना दांडा काढला. मापापुरता त्याने आणून दिला होता, आणि मी तो नीट पाहिलाही नव्हता. आता बिजागरी खोलली. आतलं रबर कोणीतरी सुरीने कोरून काढलं होतं आणि त्या जागी पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. दादाचंच काम. मुठींवरचा फोमही कापलेला, त्याखालचं ॲल्युमिनियम घासून चकचकीत झालेलं. पट्ट्या सैल झाल्या होत्या, सगळा खुळखुळा. म्हणजे हा माणूस माझ्याकडे यायच्या आधीपासून ते रबर घालवायच्या मागे लागला होता.

मी फोन केला. "माप घ्यायला ये. पुन्हा करते दांडा."

"पुन्हा कशाला, चांगला आहे तो."

"दादा, गप ये."

आला. चालत आला, गाडी नव्हती. तेही माझ्या लक्षात आलं. मी जमिनीवर प्लायवूडची फळी टाकली, त्यावर खडूने रेघा मारल्या आणि त्याला बूट-मोजे काढून उभं केलं. जुना दांडा पुढे चिमट्यात धरला, त्याला हँडल पकडायला लावलं, आणि मी टेप घेऊन खांदा ते मूठ, मूठ ते गुडघा अशी मापं लिहीत सुटले. तो स्वतःच्या पायांकडे बघत उभा होता. मध्ये एकदा मी म्हटलं, "वर बघ, वाकलेल्या मानेचं माप काय कामाचं," तर त्याने मान वर केली आणि लगेच तो डुलला, बस चालू झाल्यावर माणूस डुलतो तसा. पटकन टेबल धरलं.

"पाय सरकव जरा डावीकडे," मी म्हटलं. त्याने सरकवला, आणि फळीवर लाल ठसा उमटला.

मी खाली बसले. त्याच्या डाव्या टाचेत ड्रिलमधून निघालेला कुरळा, धारदार कीस रुतला होता. करंगळीच्या पेराएवढा. रक्त चांगलं वाहत होतं, आणि दादा वर उभा राहून मला सांगत होता की हँडल थोडं पुढे हवं.

"दादा, खाली बघ."

त्याने पाहिलं. आधी त्याला कळलंच नाही मी काय दाखवतेय. मग कळलं, आणि तो स्टुलावर बसला. मी चिमट्याने कीस उपसला. त्याने डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"गेल्या वर्षापासून. साखरेमुळे." त्याने पायाची बोटं चाचपली. "आधी बोटं गेली, मग तळवे. पाय आहेत, चालतात, पण खाली काय आहे ते सांगत नाहीत. डोळे मिटले तर जमीन कुठे आहे ते कळत नाही मला."

माझे हात टाचेवर कापूस दाबत होते. त्याला बोल लावावा की मिठी मारावी ते कळेना. मी आपली विचारत सुटले, माझं तेच आहे. मग रबर का नको? त्याचा पायांशी काय संबंध?

"डॉक्टरांकडे एक काटा असतो," तो म्हणाला. "स्टीलचा, दोन पायांचा. आपटला की घुमतो. तो त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्याला लावला आणि विचारलं, काही जाणवतं? काही नाही. घोट्याला लावला, किंचित. मग हाताच्या अंगठ्याला लावला, आणि काय सांगू, कोपरापर्यंत आलं. मी त्यांना म्हटलं, परत लावा. पाच वेळा लावायला लावला. हात शाबूत आहेत माझे. इंजिनावर हात ठेवून मी अजून सांगतो कुठला भाग झिजलाय ते. मग घरी येताना वाटलं, होडी पायांना जे सांगते, ते दांड्यातून हातांना का सांगू नये? मध्ये फक्त रबर आहे."

बिचाऱ्याने चार ओळींत सगळं लिहून दिलं होतं, आणि मी मोठी शहाणी, त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आणखी रबर कोंबून बसले होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"सांगायचं होतंस ना मला," मी म्हटलं.

"तू केला नसतास. म्हणाली असतीस, घरी बस, हा घे वॉकर."

ते खरं होतं. "वहिनीला माहीत आहे?"

तो भिंतीवरच्या पट्ट्या बघायला लागला.

"मग आधी तिला सांगायचं. त्याशिवाय मी करवत हातात घेणार नाही."

"ती जाऊ देणार नाही मला पाण्यात."

"तर नाही जायचं. पण चोरून नाही."

तो चिडला. आम्ही दोघं चिडलो. मग मीच फोन लावला. वहिनी शाळेत गणित शिकवते. शाळा जवळच आहे, मधल्या सुट्टीत आली. बांधलेली टाच पाहिली, फळीवरचा ठसा पाहिला, आणि पर्स टेबलावर ठेवली. दादा घसा साफ करून बोलायला लागला, "हे बघ, तुला सांगायचं राहिलं, माझ्या पायांना—"

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली. "आठ महिने झाले."

दादा स्टुलावरून अर्धवट उठला.

"जिना उतरताना दिवा लावायला लागलास भर दुपारी. गाडी सोडून पायी जायला लागलास. आंघोळीचं पाणी पायावर घ्यायच्या आधी हात घालून बघायला लागलास. मी काय आंधळी आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रोज सकाळी ह्याच्या बुटांत हात घालून बघते मी, खडा-बिडा आहे का. वाट बघत होते, कधी सांगतो ते. अगं, नवरा आहे, उत्तरपत्रिका नाही, की मी चुका काढून समोर धरू."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तोंड फिरवलं नाही, तसंच राहू दिलं. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच विचारलं, "हा दांड्याचा काय प्रकार आहे? मला नीट समजावून सांगा."

समजावून सांगितलं. तिने तीन प्रश्न विचारले, तिन्ही अचूक. शेवटचा होता, "कोरड्यावर हे सिद्ध करून दाखवता येईल का?"

आता मला चेव आला. मी पाइपांच्या रॅकपाशी गेले आणि एकेक पाइप काढून एका टोकाला टिचकी मारायला लागले. दुसरं टोक दादाच्या मुठीत. जाड पाइप, काही नाही. पोलाद, थोडं. पातळ ॲल्युमिनियमचा एक तुकडा होता, बाकाच्या कामातून उरलेला, त्याला नखाने नुसतं खरवडलं तर दादा म्हणाला, "हा." मी तो तुकडा कापला, टोकाला बिजागरी केली आणि तिच्यात रबराऐवजी पितळेची बांगडी बसवली, इतकी घट्ट की दांडा वरखाली व्हावा पण बाजूला केसभरही हलू नये. दोन दिवस गेले. पितळ तीनदा परत खरवडावं लागलं.

मग मी फळीखाली एक गोल पाइप आडवा ठेवला, म्हणजे फळी डावी-उजवी डुलेल. फळीच्या पुढच्या टोकाला आधी माझा तो देखणा रबरी दांडा बसवला. दादा वर उभा, बूट घालून, डोळे मिटून, हात हँडलवर. मागे वहिनी, दोन्ही हात त्याच्या कमरेपासून चार बोटांवर. मी पायाने फळीचा एक कोपरा हळूच दाबायची आणि विचारायची, कुठली बाजू?

"उजवी." चूक होतं. "डावी." चूक. "आता दाबलंस का?" नव्हतं दाबलं. वहिनीने तीनदा त्याला सावरलं. दर उत्तरानंतर ती टेबलावरच्या वहीत खूण करत होती. दहापैकी चार बरोबर. "नाणं उडवलं तरी एवढे येतात," ती म्हणाली.

मग नवीन दांडा बसवला. दहापैकी आठ.

वहिनीने तो आकडा वहीत दोनदा गिरवला. मग मी म्हटलं, "दादा, एक विचारू?" बघा, आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला विचारून काहीतरी करत होते. "हँडल दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं रुंद केलं तर? होडी तेवढीच कलली तरी एक हात जास्त वर जाईल, दुसरा जास्त खाली."

त्याने डोळे उघडले आणि विचार केला. "वळताना जड जाईल."

"जाईल."

"कर."

रुंद हँडलवर दहापैकी दहा आले. वहिनीने शहानिशा करायला आणखी दहा घेतले, एकही चुकला नाही. मग तिने वही मिटली आणि तिच्या अटी सांगितल्या. पाण्यात पायाला घट्ट बूट. डॉक्टरांना सगळं सांगायचं, आणि ते नाही म्हणाले तर नाही. तळ्यावर एकट्याने जायचं नाही, कधीच. दादाने तिन्हींना मान डोलावली. डॉक्टरांनी अर्धा तास प्रश्न विचारले, जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं आणि मग, काठावर माणूस असेल तर, हो म्हणाले.

तीन रविवार थांबलो. चौथ्या रविवारी वारा होता, पाण्यावर बारीक लाटा होत्या. मला वाटलं, शांत दिवस मिळाला असता तर बरं झालं असतं. दादाने स्की पाण्यात ढकलली, इंजिन चालू केलं आणि आधी नुसते हात हँडलवर ठेवून कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. बराच वेळ. वहिनी म्हणाली, "काय करतोय?" मी म्हटलं, "ऐकतोय."

पोटावर चढला. गुडघ्यांवर आला. गुडघ्यांवरच तळ्याच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेही उठेना. मी मनात म्हणत होते, नको उठू, राहू दे, गुडघ्यांवरही चालते की, कोण बघतंय. वहिनीने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती.

मग तो उठला. दांडा त्याच्याबरोबर वर आला. मान खाली नव्हती, पायांकडे बघत नव्हता, पुढे बघत होता. एका सरळ रेघेत गेला. रुंद वळण घेतलं, जरा जडच, पण घेतलं. परत आमच्या दिशेने आला तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला, आणि मला रडू आलं. ते आवरायचा मी प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या वळणाला तो पडला. काठापासून जवळच, धाडकन. इंजिन बंद झालं. वहिनी बुटांसकट गुडघाभर पाण्यात गेली. "लागलं का?"

दादा वर आला, खोकला, केस मागे सारले आणि स्कीला धरून तरंगत राहिला. हसत नव्हता. काहीतरी जुळवत होता.

"डावीकडे भार जास्त टाकला मी," तो म्हणाला. "उजवा हात वर आला. कळलं मला, पण जरा उशिरा कळलं."

"पण लागलं का तुला?"

"अगं, नाही लागलं." त्याने आमच्याकडे पाहिलं, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. "वर्षभर पडतोय मी. का पडलो ते आज पहिल्यांदा कळलं."

मग त्याने स्कीचं नाक फिरवलं आणि पुन्हा पोटावर चढला.